सोमवारी येणाऱ्या मावशींचं नाव कळवावं

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये होम केअर एजन्सी व नर्सिंग ब्यूरो चालवणारे सर्वजण



तुमच्यापैकी तिघांशी माझा प्रत्यक्ष व्यवहार झाला आहे, आणखी सात-आठ जणांशी फोनवर बोलणं झालं आहे. कुणाचंच नाव इथे घेत नाही. एका ब्यूरोचं गाऱ्हाणं असतं तर मी त्या ऑफिसात जाऊन मांडलं असतं. पण पहिल्या ठिकाणी जे खटकलं तेच दुसऱ्या ठिकाणी खटकलं, तिसऱ्या ठिकाणीही तेच. म्हणून सगळ्यांना मिळून लिहिते आहे.

माझे वडील, आमचे अण्णा, 81 वर्षांचे आहेत. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. सव्वा वर्षापूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघतो, 'बरं'. दुखलं तरी बरं, भूक लागली तरी बरं. त्यातलं कुठलं बरं कशाचं, हे ओळखायला मला दोन महिने लागले.

दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी मी बिलाच्या खिडकीपाशी रांगेत होते. एका हातात विम्याचे कागद, दुसऱ्या हातात फोन. पलंग आणि एअर बेड भाड्याने आणायचा होता, रुग्णवाहिका सांगायची होती, आणि संध्याकाळच्या आत घरात कुणीतरी माणूस हवं होतं. वॉर्डातल्या आयाबाईंनी औषधाच्या रिकाम्या खोक्यावर एक नंबर लिहून दिला. आमची 'निवड' ती एवढीच. चार ठिकाणी चौकशी करावी, ऑफिस बघून यावं, करार नीट वाचावा, असे सल्ले मला नंतर पुष्कळ मिळाले. पण तुम्हाला फोन करणारी बहुतेक माणसं अशा खिडकीपाशीच उभी असतात, आणि ही गोष्ट तुमच्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा आम्ही काय विचारावं यापेक्षा, आम्ही न विचारताही तुम्ही काय सांगावं, याचंच हे पत्र आहे.

त्या दिवशी फोनवर मला विचारलं गेलं : पेशंट लेडीज की जेन्ट्स? वजन किती? डायपर आहे की कॅथेटर? बारा तास की चोवीस? मग लगेच दर, नोंदणी फी आणि डिपॉझिट. कुठली बाजू गेली आहे, गिळता येतं का, बोलता येतं का, ऐकू येतं का, यातलं काहीही कुणी विचारलं नाही. शेवटचं वाक्य मात्र नंतरही सगळीकडे एकच : 'काळजी करू नका मॅडम, आमचा स्टाफ ट्रेन्ड आहे.'

या 'ट्रेन्ड'बद्दल आधी बोलू.

पहिल्या ब्यूरोने पाठवलेली मुलगी पांढरा ॲप्रन घालून आली. फोनवर तिचा उल्लेख 'सिस्टर' असा झाला होता, आणि दरही सिस्टरचा लावला होता. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ बीपी बघून वहीत लिहायला सांगितलं होतं. ती नेमाने लिहायची. नऊ दिवसांनी डॉक्टर घरी आले, त्यांनी पट्टा बांधला, तर वरचा आकडा 170. वही उघडली. नऊ दिवस, दोन्ही वेळा, सुवाच्य अक्षरात 120/80. तारखांखाली रेघा मारलेल्या, एक खाडाखोड नाही. मी स्वयंपाकघरात नेऊन तिला विचारलं तेव्हा ती रडायला लागली. तिला मशीन लावता येत नव्हतं. ऑफिसातून सांगितलं होतं, 'विचारलं तर येतं म्हण, दोन दिवसांत शिकशील.' ती 19 वर्षांची होती, नांदेडकडच्या एका खेड्यातून सहा आठवड्यांपूर्वी पुण्यात आलेली.

मला राग तिचा आला नाही. बीपी बघायला मी तिला पाच मिनिटांत शिकवलं असतं. येत नाही एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.

जीएनएम झालेली परिचारिका तीन वर्षं शिकलेली असते, एएनएम दोन वर्षं, आणि दोघींचीही नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. त्याखाली पेशंट असिस्टंटचा काही महिन्यांचा कोर्स केलेल्या मुली येतात. आणि कुठलाच कोर्स न केलेल्या, पण वर्षानुवर्षं वॉर्डात उभ्या राहिलेल्या मावशी असतात. अण्णांना नर्सची गरजच नव्हती. त्यांना वेळेवर कूस बदलून देणारं, हळू भरवणारं माणूस हवं होतं. वॉर्डातल्या मावशी मला आनंदाने चालल्या असत्या. पण या सगळ्याजणी तुमच्या तोंडी एकाच शब्दात येतात. नोंदणी असेल तर नोंदणीचा नंबर द्या. नसेल तर 'नर्स नाही, अटेंडंट आहे, अमुक इतकी वर्षं हे काम केलं आहे, नाकात नळी घालणं आणि इंजेक्शन देणं हिचं काम नाही' असं लिहून द्या. ज्या घरी नळी आहे, इंजेक्शनं आहेत, त्या घरी हा फरक माणसाच्या जिवाशी खेळतो.

आता बदलीबद्दल. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

सव्वा वर्षात आमच्याकडे नऊ जणी आणि दोन मामा, म्हणजे पुरुष अटेंडंट, येऊन गेले. माणसं बदलणार, हे मला मान्य आहे. कुणाच्या मुलीचं बाळंतपण असतं, कुणाची सोयाबीनची काढणी, कुणाला हे काम झेपत नाही. पण जाणाऱ्या माणसाने येणाऱ्याला काही सांगून जावं अशी व्यवस्था तुमच्यापैकी एकाकडेही मला दिसली नाही. सकाळी आठला एक बाई पिशवी घेऊन जाते, संध्याकाळी सातला दुसरी पिशवी घेऊन येते. मधले अकरा तास तुम्ही फोनवर 'निघाल्यात, पोचतीलच' म्हणत असता.

चौथ्या मावशी अशाच एका संध्याकाळी आल्या. मी गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतरवून येते तोवर त्यांनी कामाला सुरुवातही केली होती. अण्णा पलंगावर खाली घसरले होते. त्यांना वर घ्यायला मावशींनी त्यांचा उजवा हात धरला आणि ओढला. पॅरालिसिस झालेल्या बाजूचा खांदा स्नायूंच्या आधाराविना लोंबकळत असतो, त्या हाताला धरून माणसाला कधीही ओढायचं नसतं. फिजिओथेरपिस्टने हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी पहिल्या तिघींना सांगितलं होतं. चौथ्यांना सांगायला मी एका उकळीने उशिरा पोचले. अण्णांचं तोंड उघडलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि शब्द निघाला, 'बरं.' मावशींना वाटलं, वर घेतलं ते बरं झालं म्हणताहेत. त्यांनी पुन्हा ओढलं.

खांदा सांध्यातून सरकला. सहा आठवडे हात झोळीत होता. अजूनही कपडे घालताना ते डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरून ठेवतात.

मी त्या मावशींना दोष देत नाही. तुमच्या ऑफिसातून निघताना त्यांच्या हातात एक पत्ता आणि पेशंटचं वजन यापलीकडे काही नव्हतं. अण्णा वर्कशॉपातलं सांगायचे, कामाला आलेल्या प्रत्येक गाडीबरोबर तिचं कार्ड असायचं. पहिल्या पाळीने काय उघडलं, काय बसवलं, काय राहिलं, ते दुसऱ्या पाळीला त्यावर वाचता यायचं. कार्ड न वाचता गाडीला हात लावलेला त्यांना खपत नसे. तुमच्याकडे एक पान का नसावं? कुठली बाजू गेली, पाणी ग्लासने की चमच्याने, पाठीवर कुठे लाल झालंय, शी कधी होते, कशाला घाबरतात, कुठल्या नावाने हाक मारायची. जाणारीने पाच मिनिटांत ते भरावं आणि येणारीने ऑफिसातच वाचून निघावं. वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवावं. याला काय खर्च येतो?

चोवीस तासांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांना बेडसोर होतात. दवाखान्यात हे काम तीन पाळ्यांत वाटलेलं असतं. तुम्ही ते 'चोवीस तास' नावाने एकाच बाईच्या अंगावर टाकता. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. मग सकाळी अंग पुसणं, दिवसभर भरवणं, पुन्हा रात्र. महिनाभर असं कोण करू शकेल? होतं ते असं की पहाटेचं वळवणं चुकतं, मग मध्यरात्रीचंही चुकतं, आणि पाठीला लाल चट्टा दिसला की आम्ही तुम्हाला फोन करून 'बाई झोपते' म्हणून सांगतो. तुम्ही बाई बदलून देता. नवी बाईही झोपते, कारण तीही माणूस आहे.

इथे माझीही चूक सांगते. पहिला महिनाभर मी मावशी कुठे झोपतात हे बघितलंच नव्हतं. त्या पलंगाशेजारी फरशीवर सतरंजी टाकून झोपत होत्या, डिसेंबरात. मला ते दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं. आता आमच्याकडे गादी आहे, आणि रात्रीच्या दोन वेळा माझा भाऊ उठतो, एकदा मी उठते. पण हे तुम्ही पहिल्या दिवशी बजावून सांगायला हवं होतं, 'रात्री एकट्या बाईवर हे भागणार नाही, घरच्यांनी वेळा वाटून घ्या, नाहीतर दोन पाळ्या घ्या.' दोन पाळ्यांचे पैसे आम्हाला परवडले नसते हे खरं. पण निदान न परवडणाऱ्या गोष्टीचं नाव तरी आम्हाला कळलं असतं.

पैशांचं बोलते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त टिकल्या त्या बीडकडच्या मावशी, पाच महिने. त्यांनी अण्णांची गुपितं मला शिकवली. कूस बदलायच्या आधी त्या अण्णांच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकवायच्या आणि थांबायच्या. अण्णा श्वास घ्यायचे, स्वतःचा डावा गुडघा दुमडायचे, मग त्या वळवायच्या. 'त्यांना कळू तर दे ताई, आपण कुठं नेतोय ते,' म्हणायच्या. टाचेखाली जुन्या नऊवारीची घडी ठेवायच्या, टाच अधांतरी राहील अशी. पाच महिन्यांत पाठीला एक चट्टा नाही.

दिवाळीत मी त्यांना काही रक्कम देऊ केली तेव्हा बोलता बोलता कळलं, मी महिन्याला 24,000 रुपये भरते आणि त्यांच्या हातात 15,000 पडतात. मी इतके भरते हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांना इतकेच मिळतात हे मला माहीत नव्हतं. बराच वेळ आम्ही दोघी गप्प बसलो. मावशी तापाने तीन दिवस अंथरुणावर होत्या, ते तीन दिवस कापले गेले होते. मी मात्र पूर्ण महिन्याचेच पैसे भरले होते.

तुम्ही पैसे घेऊ नयेत असं मी म्हणत नाही. माणसं शोधणं, त्यांना पुण्यात उतरायला जागा देणं, रात्री-अपरात्री फोन घेणं, ऐन वेळी बदली माणूस उभं करणं, याला खर्च येतो आणि त्यावर तुमचं घरही चालायला हवं. पण हिशेब दोघींपासून का लपवायचा? पावतीवर दोन ओळी छापा : मावशींना इतके, ब्यूरोला इतके. तुमचा वाटा रास्त असेल तर तो उजेडात ठेवायला अडचण कसली? आणि तुमच्या करारातलं ते कलम, की पेशंटच्या घरच्यांनी स्टाफला परस्पर कामावर ठेवल्यास दंड, ते मला समजतं. पण दंडाच्या धाकाने जे नातं टिकवावं लागतं त्यात मावशींना आजारपणाची सुट्टी नाही, आठवड्याची रजा नाही. ती द्या. मग त्याही तुम्हाला सोडून जाणार नाहीत आणि आम्हीही पळवणार नाही.

तक्रारींचं काय होतं, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही. आलेल्या मामांपैकी एकाने अण्णांना रात्रभर ओल्यात ठेवलं. ते एकदाच झालं असतं तर मी गप्प बसले असते. तिसऱ्यांदा झालं तेव्हा फोन केला. 'बदलून देतो मॅडम,' तत्काळ उत्तर आलं, आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी दुसरं माणूस आलं. मी विचारलं, त्या मामांचं काय केलंत? उत्तर मिळालं, 'त्यांना दुसरी केस दिली.' म्हणजे माझी अडचण सुटली आणि ती कुणा दुसऱ्याच्या वडिलांच्या अंथरुणात गेली. त्या घरी तुम्ही काही सांगितलंत का? मामांना बोलावून विचारलंत का, की ते का उठत नव्हते? कदाचित त्यांचीही आधीच्या केसमधली झोप झालेली नसेल. विचारल्याशिवाय कळणार कसं?

आमच्या सोसायटीच्या फाटकावर जो रखवालदार उभा असतो, त्याच्या एजन्सीला परवाना लागतो. 2005 सालचा खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा कायदा आहे, त्यात रखवालदाराच्या प्रशिक्षणाची आणि पूर्वचारित्र्याच्या पडताळणीची तरतूद आहे. फाटकावरच्या माणसासाठी हे आहे. घरात शिरून, बोलता न येणाऱ्या माणसाच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्यासाठी तसं काही नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानकं, असं त्यात होतं. ते मंजूर झालं नाही, आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तशी विधेयकाची मुदतही संपली. गरज मात्र मोठी आहे : 2011 च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसं 10 कोटींहून अधिक होती. कायदा येईल तेव्हा येईल. पण एकत्र बसून चार नियम ठरवायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. पोलीस पडताळणी झाल्याशिवाय कुणाला केसवर पाठवायचं नाही, हा पहिला नियम करा. आमच्याकडे आलेल्या अकरांपैकी चौघांचीच कागदपत्रं मला मिळाली, तीही मागे लागून.

तुमचीही बाजू मी ऐकली आहे. एका संचालक बाईंनी मला तासभर बसवून सांगितलं, की घरचे लोक पैसे बुडवतात, मावशींना शिळं वाढतात, पेशंटच्या कामाला म्हणून बोलावतात आणि घरभरचे कपडे धुवायला लावतात. काही घरांतून पहिला प्रश्न येतो तो जातीचा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे, मी आमच्याच इमारतीत हे पाहिलं आहे. पण मग मी त्यांना विचारलं, जात विचारल्यावर तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, 'काय करणार, तशी बाई पाठवतो.' बाई, तिथे नकार द्या. 'आम्ही कामाची माहिती देतो, जातीची देत नाही' एवढंच म्हणा. चार केस जातील. पण ज्यांच्या जिवावर तुमचा ब्यूरो उभा आहे त्यांना कळेल, की मागे कुणीतरी आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. पुरुष पेशंटसाठी पुरुष मागितला तर शक्यतो पुरुषच द्या, आणि नसेल तर आधी सांगा. अनोळखी बाईने पहिल्यांदा अण्णांचं डायपर बदललं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि दिवसभर अन्न घेतलं नाही. बीडच्या मावशींशी ते हळूहळू मोकळे झाले, पण त्याला वेळ लागला, आणि त्यांना आधी सांगून ठेवावं लागलं.

बीडच्या मावशी मागच्या महिन्यात गावी परतल्या, सुनेचं ऑपरेशन होतं. जाण्याआधी त्यांनी मला बसवून एक पान लिहून घेतलं, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. उजव्या हाताला धरायचं नाही. पाणी चमच्याने, हनुवटी खाली करून, ठसका लागला तर थांबायचं. वरण दाट ठेवायचं. भरवल्यावर अर्धा तास पाठ टेकवून बसतं ठेवायचं, लगेच आडवं करायचं नाही. दुपारी खिडकी उघडी ठेवायची, रस्त्यावरून गाडी गेली की कान देतात. कूस बदलायच्या आधी दोन बोटं टेकवून थांबायचं. 'बरं' लांबवलं तर भूक, तुटक आलं तर दुखतंय. ते पान पलंगाच्या डोक्याशी भिंतीला चिकटवलं आहे. त्याची एक प्रत या पत्रासोबत जोडते आहे, तुमच्या नमुन्यासाठी उपयोगी पडली तर घ्या.

सध्या आम्ही भाऊ-बहीण रजा काढून पाळ्या लावतो आहोत. येत्या सोमवारी तुमच्यापैकीच एकाकडून नव्या मावशी येणार आहेत. सकाळी आठची वेळ ठरली आहे, डिपॉझिट भरलं आहे. त्यांचं नाव अजून मला कळलेलं नाही. विचारलं तर 'आल्यावर बघा ना' असं उत्तर मिळालं. कृपा करून रविवारपर्यंत कळवा. अण्णांना मी आदल्या रात्रीच सांगून ठेवते, उद्या अमुक मावशी येणार आहेत, अमुक गावच्या. नाव सांगितलं की ते सकाळी दाराकडे बघत असतात.

आपली,
सांगवीतील एक मुलगी

सोबत : एक पान